वाड्याच्या लाकडाला कोणता रंग टिकतो?

जुन्या नाशिकमधील वाड्यांचे सागवानी खांब आणि सज्जे पिढ्यान्‌पिढ्या ऊन-पाऊस सोसत आले आहेत. उन्हातील अतिनील किरणांमुळे लाकडातील लिग्निन हा घटक विघटित होऊन पृष्ठभाग करडा पडतो. पारदर्शक व्हार्निश हे किरण फारसे अडवीत नाही. कालांतराने त्याचे पापुद्रे सुटतात व फटींतून शिरलेले पाणी आत अडकते. नुसत्या जवसाच्या तेलावर पावसाळ्यात बुरशी धरते. त्यापेक्षा लाकडात मुरणारा, रंगद्रव्य व बुरशीनाशक असलेला वूड स्टेन अधिक टिकाऊ ठरतो. तो सोलवटत नसल्याने पुढचा हात देताना जुना थर खरवडावा लागत नाही. पावसाळ्यापूर्वी, लाकूड पूर्ण कोरडे असताना, सावलीच्या वेळी तो लावावा. तुळयांची उघडी टोके सर्वाधिक पाणी शोषतात. तेथे एक हात जास्त द्यावा.