निद्रारोग आणि चेहऱ्यावरचे केस

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखाली उष्णकटिबंधीय रोगांवरील संशोधनाचा आंतरराष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या अग्रक्रमाच्या यादीत हिवताप, हत्तीरोग, कुष्ठरोग यांच्याबरोबर आफ्रिकेतील निद्रारोगही होता. यादीत नाव लागले की निम्मे काम झाले, अशी आमची आजवर समजूत होती. निद्रारोगाचा पुढील इतिहास वाचताना ती गळून पडली.

त्से-त्से माशीच्या दंशातून या रोगाचा परजीवी रक्तात शिरतो व कालांतराने मेंदू गाठतो. रोगी दिवसा झोपतो, रात्री जागतो, भ्रमिष्ट होतो. उपचार न झाल्यास बहुधा दगावतो. या अवस्थेवर १९४९ पासून मेलार्सोप्रोल हे सोमलयुक्त औषध होते. शंभरातील सुमारे पाच रोगी रोगाने नव्हे, त्या औषधानेच मरत. तरीही वैद्य तेच टोचत, कारण दुसरे काही हाती नव्हते.

मग इफ्लॉर्निथिन आले. मूळचे ते कर्करोगासाठी योजलेले. पण निद्रारोगात मरणोन्मुख माणसे त्याने उठून बसू लागली. १९९० मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली आणि त्याच दशकाच्या मध्यास त्याचे उत्पादन थांबले! विज्ञान हरले नव्हते, गिऱ्हाईक गरीब होते. १९९८ मध्ये सुमारे ४०,००० रोगी नोंदले गेले. न नोंदलेले वेगळेच.

२००० साली हेच द्रव्य अमेरिकेत स्त्रियांच्या चेहऱ्यावरील केसांची वाढ रोखणाऱ्या मलमाच्या रूपाने अवतरले. मलमासाठी ते बनते, मग रोग्यांसाठी का नाही, या प्रश्नाला उत्तर देणे अवघड होते. २००१ मध्ये कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेशी करार करून औषधाचा पुरवठा मान्य केला. यात संशोधनाच्या अग्रक्रमाचा वाटा किती आणि लाजेचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

औषध मिळाले तरी ते देणे सोपे नव्हते. चौदा दिवस, दर सहा तासांनी शिरेतून, म्हणजे ५६ वेळा; तेही वीज नसलेल्या खेड्यातल्या दवाखान्यात. दुर्लक्षित रोगांवरील औषधांसाठी २००३ मध्ये एक ना-नफा संस्था स्थापन झाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद तिच्या संस्थापकांपैकी एक. या संस्थेने जुनी दप्तरे धुंडाळली, तेव्हा १९८० च्या दशकात बाजूला टाकलेले फेक्सिनिडाझोल तिला सापडले. दहा दिवस गोळ्या, सुई नाही. २०१८ मध्ये युरोपीय औषध संस्थेने त्यास अनुकूल अभिप्राय दिला. त्या वर्षी जगभरात निद्रारोगाचे हजाराहून कमी रोगी नोंदले गेले.