कोरडवाहू शेती आणि हवामानबदल : मोताळा परिसर

पावसाच्या लहरीशी जुळवून घेणारी पीकपद्धती, मृद्‌संधारण व जलसंधारण यांची कामे आणि त्यांना आधार देणारे शासकीय धोरण यांच्या एकत्रित प्रक्रियेस शेतीचे हवामान-अनुकूलन म्हणतात. ही संज्ञा विसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. तिच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र पुष्कळ जुना आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मोताळा तालुक्यात या प्रश्नाची सुमारे दीडशे वर्षांची वाटचाल एका लहान क्षेत्रात पाहावयास मिळते.

भूमी व पर्जन्य : दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आणि उत्तरेस पूर्णा नदीचे सपाट खोरे यांच्या दरम्यान हा परिसर पसरलेला आहे. बुलढाण्याच्या पठारावरून राजूर घाट उतरल्यावर मोताळा लागते. पूर्णेस मिळणारी नळगंगा ही येथील प्रमुख नदी होय. डोंगरपायथ्याची जमीन उथळ व मुरमाड असून उत्तरेकडे ती खोल, काळी व भारी होत जाते. जिल्ह्याचा वार्षिक सरासरी पाऊस साधारणपणे ७०० ते ८०० मिमी. असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. हे प्रमाण पिकांस अपुरे नाही; अडचण आहे ती त्याच्या वाटणीची. बरड जमिनीतील पीक दोन-तीन आठवड्यांच्या उघडिपीने माना टाकते, तर भारी जमिनीत लागोपाठच्या पावसाने पाणी साचून मुळे कुजतात. एकाच पावसाळ्यात ही दोन्ही संकटे ओढवू शकतात.

जुनी पीकपद्धती : या अनिश्चिततेवर शेतकऱ्याने आपल्या परीने तोड काढली होती. कपाशी, ज्वारी व तूर यांचे मिश्रपीक घेतल्याने एक पीक बुडाले, तरी दुसरे हाती लागे. ज्वारीपासून माणसांना धान्य व जनावरांना कडबा मिळे. चांगल्या सालचे धान्य पेवांत साठवून ते वाईट सालात उपयोगी आणले जाई. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर ही घडी बदलू लागली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) वऱ्हाडी कापसास मोठी मागणी आली. त्याच दशकात मलकापूरवरून जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला आणि १८७० मध्ये खामगावच्या कापूसपेठेस रेल्वेचा फाटा मिळाला. कापसाने रोख पैसा आणला, पण त्याचबरोबर शेतकऱ्याच्या उदरनिर्वाहाची सांगड दूरच्या बाजारभावाशी घातली. पावसाच्या जोखमीत बाजाराच्या जोखमीची भर पडली.

दुष्काळ व निवारणनीती : वऱ्हाडास दुष्काळाचे भय नाही, अशी एकोणिसाव्या शतकात सरकारी समजूत होती. १८९६–९७ च्या व त्याहून भीषण अशा १८९९–१९०० च्या दुष्काळांनी ती खोटी ठरविली. त्या वेळी मोताळ्याचा परिसर मलकापूर तालुक्यात मोडत असे. १८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून तयार झालेल्या दुष्काळसंहितांनुसार रस्ते, खडी फोडणे, तलाव यांसारखी कामे काढून मजुरी देण्यात येई. आपत्ती आल्यानंतर जीव वाचविणे हा या नीतीचा गाभा होता. आपत्ती येऊ नये म्हणून शेतीचीच बांधणी बदलणे हा विचार त्यात गौण होता. तो विचार पुढे मुंबई प्रांतातील मांजरी (१९२३) व सोलापूर (१९३३) येथील कोरडवाहू शेतीसंशोधनातून पुढे आला. उताराला आडवे बांध घालणे, खोल मशागत करणे, विरळ पेरणी करणे यांवर त्यात भर होता. वऱ्हाडसह विदर्भ १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यानंतर बांधबंदिस्तीचे हे धोरण येथेही लागू झाले.

धरण आणि बांध : स्वातंत्र्योत्तर काळात पाण्याच्या प्रश्नाकडे दोन दिशांनी पाहिले गेले. पहिली दिशा मोठ्या साठ्याची. मोताळा तालुक्यात नळगंगेवर १९६० च्या दशकात मातीचे धरण बांधण्यात आले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ६९ द.ल.घ.मी. आहे. कालव्याखालच्या गावांना त्याचा लाभ झाला. कालव्याच्या वरच्या अंगास असलेली डोंगरपायथ्याची शेती पावसावरच अवलंबून राहिली. दुसरी दिशा पडेल तेथेच पाणी मुरविण्याची. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी लोक दुष्काळी कामांवर होते. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने कायद्याचे रूप मिळाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. पाझर तलाव, समपातळी बांध, नालाबांध यांवर मजुरांचे हात लागले. काम मागण्याचा हक्क मान्य करून मजुरीची सांगड मृद्‌संधारणाशी घालणारे हे धोरण पुढे देशपातळीवरील २००५ च्या कायद्यास मार्गदर्शक ठरले. तथापि कामे सुटी सुटी झाल्यास त्यांचा परिणाम टिकत नाही, हे ध्यानात आल्याने १९८३ पासून राज्यात पाणलोटक्षेत्र हा घटक धरून विकासाचा कार्यक्रम आखण्यात आला.

बदलते हवामान : भारताचे सरासरी तापमान १९०१ ते २०१८ या काळात सुमारे ०·७° से.ने वाढले. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्याचे संशोधनात आढळले. उन्हाळी मोसमातील एकूण पाऊस मात्र वाढला नाही. थोड्या दिवसांत फार पाऊस आणि मधे लांब उघडीप, असे त्याचे स्वरूप होत चालले आहे. २०२३ च्या मोसमात बुलढाणा जिल्ह्याने याचा अनुभव घेतला. जुलैमध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पूर येऊन शेते खरवडली गेली. त्यानंतरचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला आणि राज्य शासनाने त्याच वर्षी जाहीर केलेल्या ४० दुष्काळी तालुक्यांत मोताळ्यालगतच्या बुलढाणा तालुक्याचा समावेश झाला. पूर व दुष्काळ ही दोन स्वतंत्र संकटे मानून आखलेली जुनी नीती अशा मोसमात अपुरी पडते.

अनुकूलनाचे धोरण : २००८ च्या राष्ट्रीय कृती-आराखड्यानंतर राज्यांनी आपापले आराखडे तयार केले, महाराष्ट्राचा अनुकूलन आराखडा २०१४ मध्ये सिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प (पोकरा) बुलढाण्यासह १५ जिल्ह्यांतील सुमारे पाच हजार गावांत हाती घेण्यात आला. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावे त्यात अंतर्भूत होती. गावात पाणी किती येते, किती मुरते व पिके किती घेतात यांचा ताळेबंद मांडून कामे ठरविणे, हे या प्रकल्पाचे वैशिष्ट्य होय. रुंद वरंबा-सरी पद्धतीचा प्रसार हाही त्याचा एक भाग. या पद्धतीत रुंद वरंब्यावर पेरणी होते. अतिवृष्टीत जादा पाणी सऱ्यांतून निघून जाते, तर उघडिपीत सऱ्यांत मुरलेली ओल पिकाच्या कामी येते. भारी जमिनीवरील दोन्ही संकटांना एकच साधे उत्तर देणारी ही पद्धती आहे.

लोकसहभागाचे उदाहरण मोताळा तालुक्यातच आढळते. येथील सिंदखेड (हे जिजाबाईंचे जन्मस्थान सिंदखेड राजा नव्हे) या गावाने २०१८ च्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’ स्पर्धेत श्रमदानाने जलसंधारणाची कामे करून राज्यात द्वितीय क्रमांक विभागून मिळविला. जिल्ह्यात तलाव व नाले खोल करून निघालेली माती व मुरूम राष्ट्रीय महामार्गाच्या भरावास वापरण्याचा प्रयोगही झाला. तो ‘बुलढाणा पॅटर्न’ म्हणून ओळखला जातो.

दुसऱ्या बाजूस मोठ्या साठ्याचा विचारही नव्याने पुढे आला आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे पाणी सुमारे ४२७ किमी. लांबीच्या कालव्याने नळगंगेपर्यंत आणण्याच्या प्रकल्पास राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. सहा जिल्ह्यांतील सुमारे ३·७१ लाख हे. क्षेत्र भिजविण्याचे त्याचे उद्दिष्ट असून अपेक्षित खर्च सुमारे ८७ हजार कोटी रु. आहे.

मूल्यमापन : दीडशे वर्षांच्या या इतिहासात निवारण, संरक्षण व अनुकूलन असे धोरणाचे तीन टप्पे दिसतात. प्रत्येक टप्प्यात काही लाभ झाला आणि काही प्रश्न शिल्लक राहिले. जिरविलेले पाणी नव्या विहिरींनी उपसले जाते. भूजलाच्या उपशावर कायद्याचे नियंत्रण असले, तरी गावपातळीवर ते क्वचितच जाणवते. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले शेततळे विहिरीच्या पाण्याने भरल्यास पाणी मुरण्याऐवजी त्याची वाफ होते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. अनुदानासाठी आधी स्वतःची रक्कम घालावी लागत असल्याने अल्पभूधारक मागे पडतो. सोयाबीन, मका व कपाशी यांच्या विस्तारात ज्वारीचे क्षेत्र घटले आणि तिच्याबरोबर घरचे धान्य व कडबाही. महाराष्ट्राची सुमारे चार-पंचमांश शेती आजही पावसावर अवलंबून आहे. त्यामुळे दूरचे पाणी आणणाऱ्या प्रकल्पांचे महत्त्व मान्य केले, तरी कालव्याच्या वर राहणाऱ्या बरड जमिनीची ओल किती दिवस टिकते आणि बुडालेल्या पिकाचा भार कोणावर पडतो, या दोन कसोट्यांवरच कोणत्याही अनुकूलन-धोरणाचे यश ठरते.