कोंबड्यांच्या खुराड्यातला स्टुडिओ



मागच्या महिन्यात मी घरात फोटो स्टुडिओ थाटला. थाटला म्हणजे काय, तर खिडकीला पांढरी चादर, समोर थर्माकोलचा एक मोठा तुकडा आणि स्वस्तातला एक सॉफ्टबॉक्स. मॉडेल म्हणून आई. चाळीसेक फोटो काढले आणि त्यातले निम्म्याहून जास्त धूसर आले म्हणून उडवले. संध्याकाळी आईनं विचारलं, "अरे, तो मी हसले होते तो कुठं गेला?" म्हटलं, फोकस चुकला होता गं. ती काही बोलली नाही. पण मला त्या रात्री ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉनची आठवण झाली. (आडनाव कॅमेऱ्याशी जुळतं, हा निव्वळ योगायोग.)

तर आजची गोष्ट तिची. जन्म 1815, कलकत्ता. नवरा चार्ल्स हे कॅमेरॉन, मेकॉलेच्या विधी आयोगातला सदस्य. म्हणजे जी भारतीय दंडसंहिता आपण 2024 पर्यंत वापरत होतो, तिचा पहिला मसुदा करणाऱ्यांपैकी एक. नवरा निवृत्त झाल्यावर कुटुंब इंग्लंडला परतलं आणि पुढं आइल ऑफ वाइट बेटावर फ्रेशवॉटर नावाच्या गावात राहायला गेलं. डिसेंबर 1863 मध्ये मुलीनं आणि जावयानं बाईंना एक कॅमेरा भेट दिला. बाईंचं वय तेव्हा 48. नवरा सिलोनला, कॉफीचे मळे बघायला गेलेला. ते मळे काही धड चालत नव्हते, त्यामुळं पैशांची ओढाताण होतीच.

इथं एक गोष्ट स्पष्ट करतो. 'एकट्या पडलेल्या आजीबाईंना खेळणं मिळालं आणि चमत्कार झाला' अशी ही कथा सांगितली जाते. ती मला पटत नाही. खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शल तिचे जुने स्नेही. 1836 मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केपला, ओळख झालेली. त्यांनी 1842 मध्येच तिला कलकत्त्याला फोटोंचे नमुने पाठवले होते. फोटो पक्का करणारं 'हायपो' ज्यांच्या संशोधनातून आलं, तेच हे हर्शल. शिवाय ऑस्कर रेजलँडर हा नावाजलेला छायाचित्रकार फ्रेशवॉटरला येऊन गेला होता. म्हणजे बाईंनी बरंच पाहिलेलं होतं. फक्त हात काळे केलेले नव्हते.

आता स्टुडिओ. मुलांसाठी बांधलेलं काचेचं कोंबड्यांचं खुराडं होतं, ते झालं ग्लास हाउस. कोंबड्या सोडून दिल्या. त्या कुणी खाल्ल्या नसाव्यात, अशी आशा तिनं स्वतःच्या आठवणींत व्यक्त केली आहे! कोळसे ठेवायची खोली झाली डार्करूम. प्रकाश फुकटचा, काचेतून येणारा. हवा तेवढा आत घ्यायचा, बाकीचा अडवायचा. माझी चादर आणि तिचं खुराडं, तत्त्व एकच.

पण काम मात्र भयंकर. तेव्हाची पद्धत होती वेट कोलोडियन. काच स्वच्छ पुसायची, तिच्यावर चिकट कोलोडियन सारखं पसरवायचं, ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत डेव्हलप करायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. पक्कं करायला ती पोटॅशियम सायनाइड वापरायची. हो, तेच विष. समोरच्या माणसानं कधीकधी काही मिनिटं हलायचं नाही. पहिला फोटो तिनं एका शेतकऱ्याचा घेतला, त्याला बसायचे पैसे देऊन. आणि काचेच्या ओल्या बाजूवर स्वतःचाच हात फिरून तो पुसला गेला.

जानेवारी 1864 मध्ये ॲनी नावाच्या लहान मुलीचा फोटो जमला. त्यावर तिनं लिहून ठेवलं की हे माझं पहिलं यश. साधारण महिनाभरात!

मग लंडनच्या फोटोग्राफीवाल्यांनी तिला धारेवर धरलं. फोटो धूसर आहेत, काचेवर ओघळ आहेत, बोटांचे ठसे आहेत, बाईंना तंत्र येत नाही. यातलं काही खरंच होतं. ओघळ म्हणजे घाईचा परिणाम, त्याला कला म्हणायची गरज नाही. पण फोकसचं तसं नाही. तिचं म्हणणं असं की लेन्स फिरवताना चेहरा जिथं सुंदर दिसला तिथं मी थांबले. बाकीचे लोक आणखी फिरवत राहतात. मोठी काच, उघडी लेन्स, त्यामुळं डोळे स्पष्ट आणि कान-केस विरघळलेले. आज फोनमध्ये 'पोर्ट्रेट मोड'चं बटण दाबून आपण हेच मागतो.

एडिटिंगचंही असंच. धंदेवाईक स्टुडिओ निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायचे. तिनं काही फोटोंत निगेटिव्ह खरवडली आहे, दोन निगेटिव्ह जोडून एक चित्रही केलं आहे. पण चेहरे तिनं गुळगुळीत केले नाहीत. एप्रिल 1867 मध्ये ती कॅमेरा घेऊन हर्शल यांच्या घरी गेली आणि त्यांना केस धुवायला लावले, म्हणजे ते पिंजारून उभे राहतील. कोलोडियनला निळा प्रकाश चटकन कळतो, लाल जवळजवळ दिसत नाही. त्यामुळं त्वचेवरची प्रत्येक रेघ गडद उमटते. त्या फोटोत हर्शल यांची प्रत्येक सुरकुती मोजून घ्यावी. कुणी पुसली नाही म्हणून ते हर्शल आहेत.

आणि हो, हे एकटीचं काम नव्हतं. घरच्या मोलकरणी, मेरी हिलियर आणि मेरी रायन, मॉडेल म्हणूनही उभ्या राहायच्या. हिलियर तर इतक्यांदा मॅडोना झाली की विचारू नका. रायन ही लहानपणी भीक मागताना सापडलेली मुलगी. तिचे फोटो लंडनच्या प्रदर्शनात पाहून हेन्री कॉटन नावाच्या तरुणानं 1867 मध्ये तिच्याशी लग्न केलं. हा कॉटन कोण? तर सनदी नोकरीत भारतात आलेला आणि 1904 च्या मुंबई काँग्रेसचा अध्यक्ष झालेला सर हेन्री कॉटन. एका पोर्ट्रेटचा पल्ला बघा.

1875 मध्ये कॅमेरॉन दांपत्य सिलोनला गेलं. तिथले तिचे फोटो तीसच्या आतच उरले आहेत. त्यांत मळ्यांवरचे मजूर आहेत, कळुताराचे शेतकरी आहेत. प्रकाश तोच, डोळ्यांशी थांबलेला फोकसही तोच. पण हर्शल यांचं नाव तिनं फोटोखाली लिहिलं, आणि या माणसांखाली फक्त 'शेतकऱ्यांचा गट'. जानेवारी 1879 मध्ये ती तिथंच वारली.

आईचा तो फोटो फोनच्या कचरापेटीत अजून होता. काढून ठेवलाय. भेटू पुढच्या भागात.