घाटाने परत केलेली वीज

विजेवर चालणारे वाहन ही आपल्याच काळाची नवलाई आहे, असा समज आज सर्वत्र रूढ होत असला, तरी मुंबई इलाख्याचा इतिहास पाहता वाहन आणि वीज ही दोन्ही येथे एकाच मक्त्याखाली वाढली, असे म्हणणे भाग आहे. १९०५ साली स्थापन झालेल्या ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’कडे शहराला वीज पुरवण्याचे व ट्राम चालवण्याचे असे दोन्ही अधिकार होते, तिने वाडीबंदर येथे वीजघर उभारले आणि ज्या शहराला तेहतीस वर्षे घोड्यांच्या ट्रामची सवय होती, त्या शहरात ७ मे १९०७ रोजी विजेची पहिली ट्राम धावली. दिवे लावणारा आणि गाडी हाकणारा कारभारी एकच असल्यामुळे विजेची मागणी व तिचा पुरवठा यांचा हिशेब एकाच दफ्तरात होत असे.

परंतु या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण, माझ्या मते, बोरघाटात घडले. १८६३ साली रेल्वेला खुल्या झालेल्या या घाटात दर ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे, आणि अशा उतारावर अवजड मालगाडी आवरून धरणे हे चढण्याइतकेच जिकिरीचे काम. ब्रेक निकामी होऊन सुटलेली गाडी अडवण्यासाठी तेथे स्वतंत्र चढती बगल-लाइन ठेवावी लागली, यावरून त्या धास्तीची कल्पना यावी. १९३०च्या सुमारास कल्याण ते पुणे या मार्गावर विजेच्या तारा आल्या व त्यांच्याखाली ती लांबट नाकाची इंजिने धावू लागली, ज्यांना त्यांच्या चमत्कारिक कण्हण्यावरून रेल्वेची माणसे ‘खेकडा’ म्हणत. घाट उतरताना या खेकड्याच्या मोटारीच जनित्रे बनत. त्यामुळे गाडीचा वेग आवरला जाई, आणि उत्पन्न झालेली वीज डोक्यावरच्या तारेत परत जाऊन त्याच वेळी खंडाळ्याकडे चढणाऱ्या दुसऱ्या गाडीच्या कामी येई. मोटारगाडीच्या बॅटरीतील वीज गरजेच्या वेळी वीजजाळ्याला परत देण्याची जी तजवीज आज चालू आहे, तिचे बीज मला येथे दिसते. भेद एवढाच, की घाटात साठवणीची सोय नसल्याने घेणारी गाडी त्याच क्षणी तारेखाली असावी लागे. बॅटरीने ती अट दूर केली.

याच काळाची दुसरी बाजू मात्र विसरता येत नाही. मुंबईच्या विजेच्या वाढत्या मागणीसाठी टाटांच्या कंपनीने मुळशी पेट्यात धरण बांधावयास घेतले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या भाताची खाचरे कसणाऱ्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला; सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास सोसला, तरीही धरण झाले, आणि १९२७ साली भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली. शहरात फिरणाऱ्या चाकामागे कोणाचे तरी शेत पाण्याखाली गेलेले असू शकते, हे त्या रयतेने सांगितले आणि सरकारने ऐकले नाही.

आता दारच्या खासगी गाड्या आणि वीज यांचे कारभारी वेगळे आहेत. दिवे, पंखे आणि स्वयंपाकघरे एकाच वेळी जागी होतात त्याच सायंकाळी दारची गाडीही विजेला जोडली, तर तेवढ्या चार तासांच्या मागणीसाठी नवी वीजकेंद्रे उभारावी लागतील. म्हणून ज्यांच्या दारी अशी गाडी आहे, त्यांनी ती मध्यरात्रीनंतर, किंवा सौरवीज भरपूर असते त्या दुपारी चार्जिंगला लावावी, एवढी माझी विनंती आहे.