मृत्यूच्या नोंदीतला जंतू

परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावात कोणी घरी दगावले, की नोंद ग्रामपंचायतीत होते. कारणापुढे नुसते ‘ताप’ लिहिले, तर त्यामागचा जंतू नोंदीतून निसटतो.

अडचण जुनीच आहे. मृत्यूच्या कारणांना सर्व देशांत एकच नाव असावे म्हणून फ्रान्सच्या झाक बर्तियाँ यांनी १८९३ साली त्यांची वर्गवारी मांडली. १९४८ पासून ती जागतिक आरोग्य संघटना सांभाळते.

जंतूही बदलत गेले. मेथिसिलिनला दाद न देणारे जंतू १९६१ साली इंग्लंडमध्ये आढळले. वर्गवारीच्या दहाव्या आवृत्तीत अशा रुग्णासाठी दोन संकेतांक लागतात: स्टॅफिलोकॉकस ऑरियसमुळे झालेल्या सेप्सिसचा ‘ए ४१.०’ आणि मेथिसिलिन-रोधाचा ‘यू ८२.१’. दुसरा राहिला, तर हा मृत्यू साध्या सेप्सिसमध्ये मोजला जातो.

गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेच्या आरोग्यदूतांनी १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत लक्षणांवरून नवजात बाळांचा सेप्सिस ओळखला, नोंदला, त्यावर उपचार केले. इतर काळजीचीही जोड होती. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात-मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटला.

लक्षणांवरून सेप्सिस ओळखता येतो. रोध मात्र नाही. त्यासाठी रक्तातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून त्यावर औषधे तपासावी लागतात. ती तपासणी झाली नाही, तर कोणते औषध निकामी ठरते आहे, हे पुढच्या रुग्णाच्या डॉक्टरला कोण सांगणार?