विद्येच्या वाटेवरील वेशी

लवणासुराच्या कथेमुळें लोणारचें सरोवर भाविकांना पूर्वापार परिचित आहे. १८२३ सालीं सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानें तें पाहिलें आणि पुढें दीड शतक पंडितांत वाद चालला : सुमारें १·८ किलोमीटर रुंदीचें हें विवर ज्वालामुखीचें, कीं उल्केच्या आघाताचें? अमेरिकन व भारतीय भूवैज्ञानिकांनीं मिळून विवराचा तळ छिद्रें पाडून तपासला. आघातानें काचरूप झालेलें खनिज तेथील खडकांत सांपडलें, आणि १९७३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानें उल्केच्या बाजूनें निवाडा दिला. बसाल्ट खडकांतील असें विवर दुर्मिळ असल्यामुळें चंद्रावरील विवरांचे अभ्यासकहि लोणारकडे वळले.

असा निवाडा माणसांच्या भेटीवांचून होत नाहीं. आणि भेट व्हावयाची तर देशाची वेस उघडी असावी लागते. ती मिटली म्हणजे काय होतें, याचा एक दाखला मुंबईशींच निगडित आहे. १९५४ सालीं केंब्रिजचे नोबेल पारितोषिकविजेते पॉल डिरॅक यांना प्रिन्स्टन येथील संशोधनसंस्थेनें वर्षभरासाठीं पाचारण केलें होतें. साम्यवादाच्या भीतीनें अमेरिकेनें १९५२ सालीं प्रवेशाचा कायदा कडक केला होता, आणि डिरॅक यांनीं पूर्वीं रशियाच्या वाऱ्या केल्या होत्या. त्यांना परवाना नाकारण्यांत आला. तेथील पदार्थवैज्ञानिकांनीं जाहीर निषेध केला. डिरॅक मात्र होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून मुंबईस आले आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत त्यांनीं व्याख्यानें दिलीं. प्रिन्स्टनचें नुकसान तें मुंबईचें भाग्य ठरलें.

परंतु डिरॅक यांच्यासारखें नांव किती जणांपाशीं असतें? जानेवारी २०१७ मध्यें अमेरिकेनें सात देशांच्या नागरिकांवर प्रवेशबंदी घातली, तेव्हां हजारों विद्वानांनीं तेथील परिषदांवर बहिष्कार जाहीर केला. अमेरिकेंत राहणारे त्या देशांचे तरुण संशोधक बाहेरच्या परिषदेस जाण्यास कचरूं लागले. परत आंत घेतील कीं नाहीं, हीच धास्ती. बंदीनें अडलेल्यांची नोंद तरी राहते. भीतीनें अर्जच न करणाऱ्यांची कोठेंहि राहत नाहीं. अशा रिकाम्या खुर्चीवर कोण बसला असता, आणि कोणतें कोडें त्यानें सोडविलें असतें, हें परिषदेस कधींच कळत नाहीं. लोणारचें कोडें सुटलें, कारण त्या वेळीं दोन देशांचे अभ्यासक एकाच काठावर उभे राहूं शकले.