दरवाजा, दस्तक आणि स्मरण



ज्याने उभे आयुष्य मराठीच्या अध्यापनात घालविले, त्याने संगणकाच्या तटबंदीवर बोलावयास उभे राहावे, हा काहींना अनधिकार वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला होता. तो पुण्यातील एका कंपनीत 'क्लाउड'चे काम करतो. "म्हणजे नेमके काय करतोस?" असे मी विचारले. तो म्हणाला, "सर, कोणता दरवाजा कुणासाठी उघडायचा, ते लिहून ठेवतो." 'लिहून ठेवतो' हे शब्द ऐकले आणि माझे कुतूहल जागे झाले. जे लिहिले जाते ते वाचता येते, तपासता येते, आणि त्याला पूर्वपरंपराही असते. त्या परंपरेचा मागोवा घेणे हे माझ्यासारख्याचे काम आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आज आपण जमलो आहोत, त्यांच्या एका वाक्याचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे. ते वाक्य मी अखेरीस सांगणार आहे.

१. वेस आणि राबता

नंदगडच्या श्रोत्यांना नाके आणि वेस यांचे महत्त्व सांगावयास नको. आपले हे गाव घाटावरची बाजारपेठ म्हणून वाढले. गोव्याकडून मीठ, नारळ, सुपारी यावी आणि इकडून धान्य खाली जावे, हा इथला जुना व्यवहार. १८८८ मध्ये मुरगावचा लोहमार्ग घाट चढून वर आला, तेव्हा कॅसलरॉक हे अलीकडच्या हद्दीतले शेवटचे स्थानक ठरले आणि पलीकडे कुळे हे पोर्तुगीज हद्दीतले स्थानक. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत ती सरहद्द होती. सरहद्दीवरच्या नाक्याला दोन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात : अनिष्ट ते अडवावे आणि इष्ट ते अडू नये. सरसकट बंद केलेला नाका बाजार मारतो. सरसकट उघडा टाकलेला नाका राज्य बुडवितो.

हा विचार आपल्या राजनीतीच्या ग्रंथांत पूर्वीच आला आहे. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील. त्यातील दुर्गप्रकरणात दरवाजांविषयी मोठा मार्मिक आदेश आहे. किल्ल्यास एकच दरवाजा असणे हा दोष. म्हणून गड पाहून एकाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या कराव्यात. परंतु नित्याच्या राबत्यास लागतील तेवढ्याच मोकळ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात, असे अमात्य सांगतात. माझ्या विद्यार्थ्याला मी हा आशय सांगितला, तेव्हा तो क्षणभर स्तब्ध झाला. त्याच्या व्यवसायातला पहिला नियम हाच आहे : मुळात सर्व बंद, आणि ज्याची गरज सिद्ध होईल तेवढेच उघडे.

२. दस्तकाचा धडा

दरवाजाबरोबर परवाना येतो. परवाना सैल लिहिला गेला तर काय होते, याचे उदाहरण बंगालच्या इतिहासात आहे. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरच्या फर्मानाने ईस्ट इंडिया कंपनीला वार्षिक तीन हजार रुपयांच्या मोबदल्यात बंगालमध्ये जकातमाफ व्यापाराची सवलत मिळाली. कंपनीचे अधिकारी मालासोबत दस्तक देत. ते पाहून नाकेदार माल सोडीत असे. पुढे कंपनीचे नोकर आपल्या खाजगी मालासाठी तेच दस्तक वापरू लागले आणि इतर व्यापाऱ्यांनाही विकू लागले. नाकेदाराच्या हाती फक्त कागद होता. तो कागद कोणत्या व्यवहारातून निघाला, हे जाणण्याचे साधन त्याच्यापाशी नव्हते. अखेर १७६३ मध्ये नवाब मीर कासिमने सर्वांचीच जकात माफ केली. कलह विकोपास गेला, आणि १७६४ च्या बक्सारच्या लढाईने बंगालचे भवितव्य ठरले. बक्सारला इतरही कारणे होती, हे मला मान्य आहे. तरी नाक्यावरचा एक ढिला नियम केवढी किंमत मागू शकतो, हे त्यातून दिसते.

३. स्मरण नसलेला पहारेकरी

आता संगणकाकडे वळू. संगणक परस्परांशी बोलतात ते लहान लहान पुडक्यांनी. प्रत्येक पुडक्यावर पाठविणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोहोंकडच्या दरवाजांचे क्रमांक असतात. या क्रमांकांना 'पोर्ट' म्हणतात. प्रत्येक पत्त्यामागे ते ६५,५३६ असतात. १९८८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील एका विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रामने हजारो संगणक ठप्प केले, आणि या दरवाजांवर पहारा हवा ही जाणीव सर्वत्र झाली. त्याच सुमारास पहिल्या फायरवॉल तयार झाल्या.

हे पहिले पहारेकरी प्रामाणिक होते, पण विसराळू होते. समोर आलेले पुडके पाहावे, त्यावरचे पत्ते यादीशी ताडावे, सोडावे किंवा अडवावे, आणि लगेच विसरावे, ही त्यांची रीत. अडचण उत्तरांची होती. आतल्या माणसाने बाहेर पत्र धाडले तर उत्तर येणारच. परंतु पत्र गेल्याचे पहाऱ्यास आठवत नसे. म्हणून उत्तरांसाठी पुष्कळदा १०२३ च्या वरचे हजारो दरवाजे उघडे ठेवावे लागत. उत्तराचे सोंग घेऊन कोणीही आत शिरू शके. दस्तक पाहणाऱ्या नाकेदाराची जी असहायता, तीच इथे होती.

उपाय निघाला तो नोंदवहीचा. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या इस्रायलमधील चेक पॉइंट या कंपनीने १९९४ मध्ये आपली फायरवॉल बाजारात आणली आणि ही पद्धत सर्वत्र रूढ केली. लिनक्स या मुक्त प्रणालीत ती २००१ मध्ये आली. आतून कोणी बाहेर संभाषण सुरू केले की पहारेकरी पाच गोष्टी टिपून घेतो : दोन पत्ते, दोन पोर्ट आणि संभाषणाची पद्धत. बाहेरून पुडके आले की तो आधी नोंद पाहतो. नोंदीशी जुळले तर ते उत्तर आहे, म्हणून आत; न जुळले तर नियमांची यादी लावून पाहावी. संभाषण संपले की नोंद खोडली जाते. बराच काळ हालचाल नसेल तरीही ती खोडली जाते. लिनक्समध्ये जुळलेल्या टीसीपी संभाषणासाठी ही मुदत मुळात पाच दिवसांची असते. अशा स्मरणशील पहाऱ्यास या व्यवसायात 'स्टेटफुल' म्हणतात.

४. भाड्याचे वाडे आणि लिहिलेले नियम

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पुढे संगणक विकत घेण्याऐवजी दुसऱ्याच्या यंत्रगृहातले भाड्याने घेण्याची पद्धत आली. तिलाच आपण क्लाउड म्हणतो. ॲमेझॉनने ही सेवा २००६ मध्ये सुरू केली. मायक्रोसॉफ्टची यंत्रगृहे २०१५ मध्ये पुणे, मुंबई व चेन्नई येथे सुरू झाली आणि २०१६ मध्ये ॲमेझॉनची मुंबईस. मराठी मुलुखातच हे अदृश्य वाडे उभे राहिले. इथे भिंत विटांची नाही आणि पहाऱ्याचे वेगळे यंत्रही दिसत नाही. जे आहे ते लेखी नियमांत आहे.

ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये दोन्ही प्रकारचे पहारे एकत्र नांदतात. 'सिक्युरिटी ग्रुप' हा स्मरणशील. तो संगणकाच्या दाराशी असतो आणि त्यात केवळ परवानगीचे नियम लिहिता येतात. 'नेटवर्क एसीएल' हा विसराळू. तो वस्तीच्या वेशीवर असतो, आणि त्यात जाण्याचा व येण्याचा नियम वेगवेगळा लिहावा लागतो. हा भेद न ओळखल्यामुळे नवशिके उमेदवार तासन्‌तास अडून बसतात, असे माझा विद्यार्थी हसत सांगत होता.

पूर्वी हे नियम पडद्यावर बटणे दाबून लावीत. कुणी, केव्हा व का लावला, याचा माग राहत नसे. २०१४ मध्ये 'टेराफॉर्म' हे साधन आले आणि नियम साध्या मजकुरात लिहिण्याची रीत रूढ झाली. बाहेरून आत, टीसीपी, पोर्ट ४४३, अमुक पत्त्यांकडून, आणि त्यापुढे कारणाचा एक शेरा, असा तो कलमबंद मजकूर असतो. तो अमलात आणण्यापूर्वी कोणती कलमे वाढतील, कोणती गळतील, याचे पूर्वदर्शन होते. सहकारी ते वाचतो, शंका काढतो, आणि मगच मंजुरी मिळते. प्रत्येक फेरफाराची तारीखवार नोंद 'गिट' या साधनात राहते. आपल्या पेशवे दफ्तराचा अभ्यासक ज्यासाठी जन्म घालवितो, ते इथे आपोआप जमा होते.

परंतु मजकूर आणि वस्तुस्थिती यांत अंतर पडू शकते. रात्री अडचण आली म्हणून एखाद्याने बटण दाबून दरवाजा उघडला, तर दफ्तरात एक आणि दारात दुसरेच. पूर्वदर्शन घेतले तरच ही तफावत दिसते. आणखी एक सूक्ष्म गोष्ट. नियम काढून टाकला तरी आधीच नोंदलेले संभाषण लगेच तुटेलच असे नाही. दार लावले, पण पाहुणा आत बसलेला आहे. आणि सर्वांत घातक ओळ सर्वांत छोटी असते : ०.०.०.०/०. तिचा अर्थ 'जगातील कोणीही'. बंगालच्या त्या दस्तकात हीच ओळ न लिहिता लिहिली गेली होती, असे मला वाटते.

५. न्हावाशेव्याचा अनुभव

स्मरणशील पहाऱ्याचीही मर्यादा आहे. २७ जून २०१७ रोजी न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळित झाले. 'नॉटपेट्या' नावाचा घातक प्रोग्राम त्यास कारण होता. त्याचा मूळ शिरकाव युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून झाला होता. विश्वासू घरातून, आतल्याच संगणकाने मागविलेले ते पुडके. पहारेकऱ्याच्या वहीत नोंद होती. त्याने रीतसर आत सोडले. कोणी बोलावले, हे पहाऱ्यास आठवते. आलेल्याच्या पोटात काय आहे, हे त्यास कळत नाही. पुढे तो प्रोग्राम एका संगणकावरून दुसऱ्यावर असा पसरत गेला. युक्रेनमध्ये पेटलेली आग उरणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचली. म्हणून बाहेरच्या तटाइतकेच आतल्या दालनांच्या मधल्या दारांना महत्त्व आहे, आणि तिथलेही नियम तितक्याच काटेकोरपणे लिहावे लागतात.

६. खिळ्यावरची चिठ्ठी

आता ते गुरुवर्यांचे वाक्य. साठच्या दशकात मी ज्या वसतिगृहात राहत होतो, तिथे फाटकाजवळ एक नोंदवही असे. बाजारास जाणाऱ्याचे नाव लिहावे. परतल्यावर नाव पाहून आत घ्यावे, फेरचौकशी नाही. बाहेर गेल्याची नोंद नसलेला मात्र कोण, कुठला, हे सांगितल्यावाचून आत येत नसे. स्टेटफुल म्हणजे काय, हे मला विद्यार्थ्याने फार समजवावे लागले नाही, याचे कारण ही वही.

एका वर्षी खेळांच्या स्पर्धांसाठी फाटक दिवसभर मोकळे ठेवण्याचे ठरले. तशी चिठ्ठी मीच लिहिली आणि खिळ्याला टोचली. स्पर्धा संपल्या, चिठ्ठी तशीच राहिली. आठव्या दिवशी कोठीतले तांब्याचे घंगाळ नाहीसे झाले. गुरुजींनी मला बोलाविले. मार बसेल म्हणून मी थरथरत होतो. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, दोनदा वाचली आणि शांतपणे म्हणाले, "अक्षर चांगले आहे. पण उघडण्याची चिठ्ठी लिहिताना बंद करण्याची तारीख त्याच चिठ्ठीवर लिहावी." नवे घंगाळ त्यांनी स्वतःच्या पगारातून आणले, हे मला फार उशिरा कळले.

हे वाक्य मी विद्यार्थ्यास सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सर, आमच्याकडची बरीच दुखणी अशीच आहेत. 'दोन दिवसांपुरते' म्हणून उघडलेले दार, आणि दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही." पुण्यास परतल्यावर त्याने मला कळविले की, आपल्या गटात त्याने एक शिस्त घातली आहे : तात्पुरत्या नियमापुढील शेऱ्यात तो मिटविण्याची तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव असल्याखेरीज मंजुरी द्यावयाची नाही.

मित्रहो, या शाळेतून गेलेली कितीतरी मुले-मुली आज पुण्यात, बंगळुरात हीच दारे राखीत आहेत. त्यांच्या एका ओळीमागे कुणाची तरी पगाराची पुंजी, कुणाचे इस्पितळातले कागद, कुणाचे शेतीचे उतारे सुरक्षित असतात. यंत्र नोंद ठेवील. ते त्याचे कामच आहे. परंतु दार का उघडले आणि केव्हा लावायचे, हे लिहिणाऱ्यानेच लक्षात ठेवावयाचे असते. गुरुजींनी आम्हांस शुद्धलेखनाबरोबर हेही शिकविले. त्यांच्या स्मृतीस वंदन.